वाचक विचारतात : बेचाळिशीत पडद्यावर

प्रश्न : आमचे हे बँकेतून आले की हौशी नाटकाच्या तालमीला पळतात. आता वय 41, आणि वेब सिरीजच्या ऑडिशन द्यायच्या म्हणतात! वर वेस स्टुडींचा दाखला देतात. कोण हे गृहस्थ?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, दाखला अगदीच हवेतला नाही. स्टुडी हे अमेरिकी नट, ओक्लाहोमातल्या चेरोकी या मूळनिवासी जमातीतले, जन्म 1947 चा. व्हिएतनाम युद्धात सैनिक होते, मग नाटक. 1990 च्या ‘डान्सेस विथ वुल्व्ज’मध्ये त्यांच्या पात्राला नावसुद्धा नाही; श्रेयनामावलीत नुसतं ‘सगळ्यांत खमका पॉनी’ (पॉनी म्हणजे घोडा नव्हे, तीही एक मूळनिवासी जमात). तेव्हा वय 42. दोनच वर्षांत ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’मधला मागुआ आला आणि नायकापेक्षा खलनायकच लक्षात राहिला. मला मात्र 1995 चा ‘हीट’ जास्त भावतो. त्यात ना पिसं, ना घोडा. सरळ लॉस एंजेलिसचा पोलीस. (आपल्याकडे आदिवासी नटाला अशी साधी भूमिका कोण देतं?) 2019 मध्ये मानद ऑस्कर मिळालं, मूळनिवासी अमेरिकी नटाला पहिल्यांदाच.

यजमानांना ऑडिशन देऊ द्या. हल्ली मोबाईलवर चित्रित करून पाठवता येते, मुंबईचं तिकीट लागत नाही. फक्त बँकेचा राजीनामा तेवढा लिहू देऊ नका.