नियमपुस्तकात मनाई नाही, म्हणजे स्पर्धेच्या गाडीत तो बदल चालतो का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : तुमच्या स्पर्धा-वर्गाच्या नियमांत सस्पेन्शनच्या बुशचे (सांध्यात धक्के शोषणाऱ्या नळीसारख्या भागाचे) मटेरियल मुक्त ठेवले आहे, म्हणजे ते कोणतेही चालते; तुम्हाला रबरी बुश काढून लोअर आर्ममध्ये (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यात) स्फेरिकल बेअरिंग (धातूचा गोलाकार सांधा) बसवायचे आहे आणि त्यासाठी आर्म थोडा बोअर करावा, म्हणजे त्याचे भोक मोठे करावे लागणार आहे. बेअरिंगला नियमात कुठेही मनाई नाही, म्हणून ते चालेल, असे तुमच्या मेकॅनिकचे म्हणणे आहे. माझ्या मते बेअरिंगविषयी वाद घालता येईल; बोअर करण्याविषयी मात्र वादाला जागाच नाही, ते चालणार नाही.

मेकॅनिकने नियमपुस्तक उलट्या बाजूने वाचले आहे. भारतातील मोटर स्पर्धांचे नियमन एफएमएससीआय ही संस्था करते आणि ती एफआयए या मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेशी संलग्न आहे. एफआयएच्या अपेंडिक्स जे या गाड्यांच्या तांत्रिक नियमावलीतील कलम २५२ चा आशय असा की, ज्या बदलाला नियमांनी स्पष्ट परवानगी दिलेली नाही, तो निषिद्ध समजावा. मौन म्हणजे संमती, हे व्यवहारात ठीक. इथे मौनाचा अर्थ नकार असाच घ्यावा लागतो. त्याच कलमानुसार गाडी स्पर्धेच्या संपूर्ण काळात नियमांत बसते, हे स्पर्धकाने दाखवून द्यायचे असते. म्हणजे ‘हे चुकीचे आहे, हे सिद्ध करा’ असे तुम्ही स्क्रूटिनिअरला, म्हणजे स्पर्धेआधी गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला, म्हणू शकत नाही.

नेमका हाच वाद अमेरिकेत एससीसीए या हौशी स्पर्धकांच्या मोठ्या संस्थेत झाला होता. तेथील इम्प्रूव्ह्ड टुरिंग वर्गात बुशचे मटेरियल मुक्त होते. मग संपूर्ण बेअरिंगला ‘मटेरियल’ म्हणावे का, यावर बराच खल झाला. पुढे नियमात लिहिले गेले की स्फेरिकल बेअरिंग चालेल, पण ते बसवण्यासाठी सस्पेन्शनच्या कोणत्याही भागात फेरफार करता येणार नाही. हा नियम तुम्हाला लागू नाही, पण त्यामागचा तर्क कुठल्याही स्क्रूटिनिअरला पटेल असा आहे : मुभा बुशला दिली आहे, आर्मला नाही. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत आर्म चटकन बोअर करून मिळतो, म्हणून हा मोह होतो, एवढेच.

शब्दावर बोट ठेवून पळवाट काढणारेही असतात. एससीसीएच्या त्याच वर्गात एकेकाळी ईसीयूमध्ये (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकात) हवा तो बदल करायला परवानगी होती, मात्र तो कंपनीच्या मूळ डब्याच्या आत करायचा होता. ज्यांच्याकडे पैसा होता, त्यांनी त्या डब्यात महागडा रेसिंग ईसीयू कोंबून बसवला. नियमाचे अक्षर पाळले गेले आणि स्वस्त वर्ग महाग झाला. अखेर तो नियमच बदलावा लागला. अशी हुशारी मला पाहायला आवडते, पण हौशी स्पर्धकाने आपला खर्च तिच्यावर बेतू नये, कारण पुढच्या हंगामात ती पळवाट उरेलच असे नाही. शिवाय एससीसीएच्या नियमांत आणखी एक तत्त्व आहे, जे मी स्वतः प्रत्येक बदलाला लावून पाहतो : परवानगी असलेल्या भागाकडून निषिद्ध काम करून घेता येत नाही. त्यामुळे बेअरिंगचे भोक मुद्दाम केंद्रापासून सरकवून कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलण्याचा विचार असेल आणि तुमच्या वर्गात त्या मार्गाने कॅम्बर बदलण्याची परवानगी नसेल, तर तो सोडून द्या.

शंका उरली असेल, तर स्क्रूटिनीच्या (गाडीच्या तपासणीच्या) सकाळी पार्किंगमध्ये विचारू नका. नियमाचा क्रमांक, तुम्ही लावलेला अर्थ आणि भागाचे छायाचित्र जोडून आयोजकांना आधीच लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. ‘त्या अमक्याने चालेल म्हटले होते’ याला स्टुअर्ड्ससमोर (स्पर्धेतील वादांवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर) काडीची किंमत नसते. गाडी रस्त्यावरही चालवत असाल, तर गाडीतील बदलांविषयीचे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वेगळे पाहावे लागेल. स्पर्धेतली परवानगी आरटीओसमोर कामाची नाही.

तुमच्यापुरता मार्ग असा : मूळ बुशच्या बाहेरील व्यासाइतकी स्लीव्ह (बाहेरची नळी) असलेले बेअरिंग मिळवा, म्हणजे आर्मला हात न लावता ते प्रेसने बसेल, आणि काढलेला मूळ बुश स्क्रूटिनीला सोबत ठेवा.