लॉनला पॉप-अप की रोटर?

प्रश्न: बंगल्यापुढे 15 फूट रुंद लॉन करतेय, कडेला जास्वंद. गच्चीवरच्या टाकीवर पॉप-अप (पाणी सोडलं की जमिनीतून वर येणारे फवारे) चालतील? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, नुसत्या टाकीवर नाही. 10 मीटर उंचीला जेमतेम 1 बार दाब मिळतो. स्प्रे पॉप-अपला 2 लागतो, नाहीतर पाणी बुडाशीच गळतं. छोटा पंप जोडाच. दुकानदार रोटर (गोल फिरत लांबवर पाणी फेकणारे फवारे) गळ्यात मारू पाहील. ते मैदानाला ठीक, तुमच्याकडे शेजाऱ्याची भिंत धुतील! 15 फूट फेकीचे नोझल (फवाऱ्याची तोटी) घ्या: कडांना अर्धगोल फवारणारे, कोपऱ्यात पाव गोल. एकाची फेक दुसऱ्याच्या मुळाशी पोचली पाहिजे. काळी माती असेल तर पाच मिनिटं सोडा, मुरू द्या, मग पुन्हा. जास्वंदीला ठिबकच, वेगळ्या व्हॉल्व्हवर.