ताप उतरलाय, पण अँटिबायोटिकने मुलाला जुलाब होताहेत. औषध बंद करू का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा तीन वर्षांचा, कान ठणकत होता म्हणून डॉक्टरांनी ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचं सिरप दिलं. तिसऱ्या दिवशी ताप गेला, पण आता दिवसातून तीन-चारदा पातळ शी होतेय.

आपणहून बंद करू नका. डॉक्टरांना आजच फोन करा. पण त्याआधी बाटली हातात घ्या. बारा वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभा आहे. असा प्रश्न आला की मी आधी बाटलीच बघायला मागतो.

लेबलवर ५ मिलिमध्ये किती मिलिग्रॅम लिहिलंय ते वाचा. याच औषधाची एक बाटली ५ मिलिला २२८.५ मिलिग्रॅमची येते आणि दुसरी ४५७ची. नाव तेच, खोकंही जवळपास तसंच, औषध मात्र दुप्पट. चिठ्ठीत पहिली असेल, हातात दुसरी आली असेल आणि तुम्ही लिहिलेले तेवढेच मिलि देत असाल, तर पोराच्या पोटात दुप्पट डोस जातोय. जुलाबाला बहुतेकदा कारण असतं ते यातलं क्लॅव्हुलॅनिक ॲसिड, म्हणून ही शंका आधी फेडून घ्यायची.

मग पावडर कशी कालवली ते आठवा. बरेच जण एकदम खुणेपर्यंत पाणी ओततात आणि बाटली हलवतात. फेस येतो, पातळी बरोबर दिसते, पण तळाशी गठ्ठा तसाच चिकटलेला. पहिले दोन दिवस मूल पातळ औषध पितं आणि शेवटी शेवटी घट्ट. पावडर आधी बाटलीवर टिचक्या मारून मोकळी करायची, उकळून गार केलेलं थोडं पाणी घालून हलवायची, फेस बसू द्यायचा आणि मगच खुणेपर्यंत भरायची. नंतरही प्रत्येक डोसआधी हलवायचीच. हे औषध कालवल्यावर फ्रीजमध्ये ठेवतात (फ्रीझरमध्ये नाही) आणि साधारण ७ दिवसांनी टाकून देतात. सगळीच सिरपं फ्रीजमध्ये जात नाहीत बरं का, क्लॅरिथ्रोमायसिन बाहेरच ठेवायचं असतं. लेबल वाचायला पर्याय नाही.

स्वयंपाकघरातला चमचा नको. माझ्याच घरातले दोन 'चहाचे चमचे' मी एकदा सिरिंजने मोजले: एकात साडेतीन मिलि मावलं, दुसऱ्यात सहा. बिनसुईची सिरिंज घ्या, मुलाला बसतं करा आणि गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. थेट घशात मारलं तर ठसका लागतो. दुधाच्या अख्ख्या पेल्यात मिसळू नका. अर्धं दूध उरलं की किती औषध गेलं ते कोण सांगणार? डोस चुकला तर पुढचा दुप्पट द्यायचा नाही. दिल्यावर लगेच ओकलं तर पुन्हा द्यायचं का, ते डॉक्टरांना विचारून.

हे सगळं ठीक निघालं तर असे जुलाब या औषधात नेहमीचेच. जेवणाच्या सुरुवातीला डोस दिला की पोटाला कमी त्रास होतो. ओआरएस घोट घोट पाजत राहा. शीमध्ये रक्त दिसलं, लघवी फार कमी झाली, मूल मलूल पडलं किंवा पाणीही टिकेना, तर फोनवर थांबू नका, दाखवायला न्या. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घ्यायला त्रास झाला तर पुढचा डोस देऊ नका आणि थेट इस्पितळ गाठा. साधं गुलाबी पुरळ दरवेळी ॲलर्जीच असतं असं नाही, पण ते डॉक्टरांनी बघून ठरवू द्या.

कोर्स किती दिवसांचा, हे आजारावर आणि वयावर ठरतं. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूने घसा धरला असेल तर ॲमॉक्सिसिलिन बहुधा १० दिवस, तुमच्या मुलाच्या वयात कानाला बरेचदा ७. शेजारच्या मुलाचा पाचच दिवसांत संपला म्हणून तुमचाही संपत नाही. आणि उरलेलं औषध पुढच्या सर्दीसाठी ठेवू नका. सर्दी विषाणूंची, तिथे हे औषध काहीच करत नाही.

फोन करण्याआधी मुलाचं वजन करून ठेवा. डोस वजनावरच बसवतात, त्यामुळे पलीकडून आधी तेच विचारलं जाईल.