फोटो ढीगभर, खोली एकच

प्रश्न : आमची बैठकीची खोली दहा बाय बाराची, खिडकी एकच आणि तीही पश्चिमेला. खोलीला नवं रूप द्यायचं म्हणून मोबाइलवर ढीगभर फोटो जमवले, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी फोटोंना चाळणी लावा. दहाच ठेवा आणि प्रत्येकात नेमकं काय आवडलं ते एका शब्दात लिहा : रंग, उजेड, लाकूड की मोकळी जागा. ‘मोकळी जागा’ जास्त वेळा आली, तर रंगाच्या दुकानात जायची घाई नको. एखादं कपाट आणि टीपॉय आठवडाभर आतल्या खोलीत सरकवून बघा. कित्येकदा तेवढ्यावरच भागतं. शिवाय असे फोटो बहुधा रुंद लेन्सने, जादा दिवे लावून काढलेले असतात; तेवढी ऐसपैस खोली प्रत्यक्षात नसते.

रंगसंगती मात्र फोटोतून न उचलता घरातल्याच एका वस्तूतून घ्या. गोधडी, सावंतवाडीचा रंगीत पाट, इरकल, काहीही चालेल. समजा, इरकल घेतली : गर्द निळं अंग, लाल पदर, त्यावर पांढरी नक्षी. भिंतींना यातला सगळ्यात फिका, पांढऱ्याकडे झुकणारा रंग. निळा पडद्यांना. लाल फक्त दोन उशांना. हौसेनं लाल भिंतीवर चढवलात, तर पश्चिमेच्या उन्हात चारनंतर खोलीत बसवणार नाही.

शेड कार्डवरचा चौकोन भिंतीवर नेहमी जास्त गडद वाटतो, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर तोच रंग टाकतात. तेव्हा आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी घ्या. नमुना जुन्या रंगावर मारू नका, शेजारच्या जुन्या रंगामुळे डोळा फसतो. दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्याला पांढरा प्रायमर, त्यावर रंगाचे दोन हात, कडेला दोन इंच पांढरी पट्टी. हा पुठ्ठा सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवा लावून वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून पाहा. 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली क्रीम रंग मळकट दिसतो, 3000 च्या पिवळसर दिव्याखाली उबदार. म्हणून दिवा आधी ठरवा, रंग मागून.

हिशोब असा : भिंतींची एकूण लांबी 44 फूट, उंची साडेनऊ, म्हणजे 418 चौरस फूट. दार-खिडकीचे चाळीसेक वजा करा. दोन हातांसाठी लिटरला साधारण 60 ते 65 चौरस फूट धरले तर सहा लिटर इमल्शन लागेल. सगळं एकदमच मिसळून घ्या. कमी पडलं म्हणून नंतर आणलेला डबा छटेत थोडा हुकतो आणि भिंतीच्या मधोमध जोड दिसतो. छताचा पांढरा वेगळा.

प्रश्न : खिडकीखालच्या भिंतीचे पोपडे निघतात. वॉलपेपरनं झाकलं तर चालेल?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. ओल कागदामागे कोंडते, बुरशी धरते आणि कागद कडेपासून सुटतो. दोन फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून दिवसभर ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं, तर पाणी भिंतीतूनच येतंय. बाहेरून खिडकीच्या चौकटीची फट आणि खालच्या कठड्याचा उतार तपासा. उतार आत असला की पावसाचं पाणी तिथेच मुरतं. ते आधी दुरुस्त करा, पोपडे गिलाव्यापर्यंत खरवडा, भिंत पुरती सुकू द्या. मगच पुट्टी आणि प्रायमर. तुमच्याकडे हे काम दिवाळीनंतरचं, श्रावणात काढलं तर पैसे पाण्यात.

प्रश्न : खिडकी चार फूट रुंद. पडद्याला कापड किती?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : दांडा पाच फुटांचा, चौकटीच्या सहा इंच वर. 48 इंची पन्ह्याचे दोन भाग घ्या. शिवणीत जाऊन साडेसात फूट उरतं, म्हणजे दांड्याच्या दीडपट, चुण्या बऱ्या पडतात. कापड सुती असेल तर आधी धुऊन मगच शिवायला टाका, नाहीतर पहिल्याच धुण्यात पडदा वर चढतो.