ती फेरीबोटीतून उतरलीच नाही

"माझ्या हाताखालची मुलगी कामात चुकली. कारवाई करू की सांभाळून घेऊ?" बालसंरक्षणाच्या कामातल्या पर्यवेक्षकांकडून हा प्रश्न मला वरचेवर येतो. उत्तरादाखल एक अनुभव सांगते. संबंधितांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

जुलैचा महिना होता. दापोलीकडच्या एका छोट्या संस्थेच्या पर्यवेक्षक भिजलेली छत्री दाराशी ठेवून समोर बसल्या. त्यांची टीम त्यांना ताई म्हणते, मीही ताईच म्हणते. पंधरा वर्षं या कामात, हाताखाली सहा कार्यकर्त्या. त्यांतली सगळ्यात लहान पंचवीस वर्षांची. कोळीवाड्यातली, शिकून आलेली, कामाला वाघीण.

"मॅडम, तिने खोटी गृहभेट लिहिली," ताई म्हणाल्या. "एकदा नाही, तीनदा."

खाडीपलीकडे आजीकडे राहणारी एक मुलगी होती. अत्याचाराची केस. अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर मुलीला नेलं तेव्हा हीच कार्यकर्ती दिवसभर तिच्यासोबत होती. समितीने मुलीला आजीच्या ताब्यात दिलं आणि पाठपुरावा या संस्थेकडे आला. रजिस्टरमध्ये तीन भेटी नोंदल्या होत्या. 'मुलगी ठीक, शाळेत जाते.' मग एक दिवस आजीचाच फोन आला, "तुमची ती पोरगी परत आलीच नाय." चौकशी केल्यावर कळलं, की कार्यकर्ती दाभोळला फेरीबोटीत बसायची, बोट धोपाव्याला लागायची, सगळे उतरायचे, आणि ही त्याच बोटीने परत यायची.

ताईंना राग आला होता. त्याहून जास्त भीती वाटत होती. त्या तीन भेटींच्या काळात मुलीला काही झालं असतं तर?

मी पहिल्यांदा विचारलं, "आज त्या मुलीकडे कोण जाणार आहे?"

हा क्रम मी कुणाकडेही बदलत नाही. आधी मूल. कार्यकर्तीचं दुःख कितीही खरं असलं तरी त्यासाठी मुलाची भेट एक दिवसही पुढे जात नाही. ताईंनी माझ्यासमोर बसूनच दुसऱ्या अनुभवी कार्यकर्तीला फोन केला, ती दुपारच्या बोटीने गेली. रजिस्टरमधली पानं फाडायची नाहीत की खाडाखोड करायची नाही, आजच्या तारखेने खरी नोंद करायची आणि ती संस्थेच्या प्रमुखांना आणि समितीला कळवायची, हेही तिथेच ठरलं. ताई थोड्या अडखळल्या. "समितीला कळवलं तर तिची नोकरी जाईल." जाऊ शकते, मी म्हटलं. पण ही गोष्ट लपवली, तर उरलेल्या पाच जणी काय शिकतील?

मग मी दुसरं विचारलं. "फाइल बंद ठेवून तुम्ही तिच्याशी शेवटचं कधी बोललात?"

ताई बराच वेळ गप्प बसल्या. त्या रोज बोलत होत्या, पण कशाबद्दल? मुलाच्या घरची परिस्थिती सांगणारा सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत जायला हवा. सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत समितीसमोर न्यायला हवं. कुठे बालविवाहाची खबर, तर ग्रामसेवकाला गाठायला हवं. हे सगळं आवश्यकच आहे, त्याला मुलांचं आयुष्य बांधलेलं आहे. पण हा कामाचा आढावा झाला. माणसाची विचारपूस त्यात कुठेच नव्हती.

"आमच्या वेळी कोण विचारत होतं, मॅडम? आम्ही नाही उभ्या राहिलो?"

"कशा राहिलात?"

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या पहिल्या केसची वाडी आहे. तिचा फाटा आला की एसटीत मी आजही डोळे मिटून घेते."

त्या दिवशी याहून जास्त मी काही बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात ताई त्या कार्यकर्तीला घेऊन ऑफिसच्या मागच्या खोलीत बसल्या. दार लावलं, फोन बाहेर ठेवला. "तू खोटं लिहिलंस, त्याचं काय ते होईल. पण बोटीत बसून काय वाटायचं, ते सांग," एवढंच विचारलं. कार्यकर्ती अर्धा तास रडली. समितीपुढचं काम संपल्यावर त्या पोरीने तिचा दुपट्टा धरून विचारलं होतं, "ताई, तू उद्या येशील ना?" ती "हो" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला भलत्याच गावी पाठवलं गेलं, तिसऱ्या दिवशीही. आठवड्याने वेळ मिळाला, तेव्हा त्या घरासमोर उभं राहायची हिंमत उरली नव्हती.

कामचुकारपणा आणि शरम बाहेरून अगदी सारखे दिसतात. रजिस्टरमध्ये तर दोन्हींची नोंद एकच होते. म्हणून मी पर्यवेक्षकांना सांगते, की कारवाई जरूर करा, पण आधी ऐका. तिला लेखी समज मिळाली, तीन महिने ती एकटीने भेटीला गेली नाही, नोकरी राहिली. मला हे योग्य वाटलं. नुसती माफी मिळाली असती, तर ते ओझं तिच्या छातीवरून उतरलं नसतं.

इथे आपल्या किनाऱ्याबद्दल थोडं बोलायला हवं. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख वर्तमानपत्रात किंवा इतर कुठल्याही माध्यमातून उघड करायला मनाई आहे, आणि ती असायलाच हवी. शहरातली कार्यकर्ती संध्याकाळी निदान अनोळखी गर्दीत मिसळते. आपल्याकडे आरोपीचा भाऊ शिमग्यात पालखीला खांदा देत असतो, त्याची आई बाजारात मासे विकत असते, आणि कार्यकर्तीला गप्प राहून त्यांच्याकडूनच बांगडे घ्यायचे असतात. घरी बोलायचं नाही, मैत्रिणीशी नाही, एसटीत तर नाहीच नाही. मासेमारीबंदीच्या जून-जुलैत पुरुष घरी असतात, मुलाशी एकांतात दोन शब्द बोलायला कोपरा मिळत नाही, त्या महिन्यांत या मुली जास्तच थकलेल्या दिसतात. बाहेर तोंड बंद ठेवायचं असेल, तर ऑफिसात एक दार उघडं हवंच.

ताईंनी ते गुरुवारी दुपारी उघडलं. प्रत्येकीला पंधरवड्यातून पाऊण तास. फाइल टेबलावर नाही. या दिवसांत कुठलं घर डोक्यातून जात नाही? कुठे जायचं टाळावंसं वाटतं? केसमधलं कुणी नात्यातलं, ओळखीतलं आहे का? हा शेवटचा प्रश्न कोकणात दर वेळी विचारावा. उत्तर 'हो' असेल तर केस दुसरीकडे द्यावी, त्यात तिचा कमीपणा नाही. जड केसची पहिली भेट दोघींनी मिळून करायची. आणि मुलाला "उद्या येते" म्हणायचं नाही. "मी येईन किंवा आमच्यातली दुसरी कुणी, कोण ते आजीच्या फोनवर आधी कळवीन," असं सांगायचं आणि तसं कळवायचं.

एका गोष्टीबद्दल मी ताईंना थांबवलं. त्या कार्यकर्तीच्या बालपणापर्यंत पोचू लागल्या होत्या. पर्यवेक्षकाने तिथे जाऊ नये, पगाराची सही करणाऱ्या माणसासमोर कुणी एवढं उघडं पडू नये. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, तीच दृश्यं पुन्हापुन्हा डोळ्यांसमोर आली किंवा जीव नकोसा झाला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं. जिवाचा प्रश्न असेल, तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी सोबत जावं. 14416 ही टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन अहोरात्र चालू असते, मराठीतही बोलता येतं. आणि ताईंनी स्वतःसाठी संस्थेबाहेरचं माणूस शोधावं. त्या महिन्यातून एकदा माझ्याकडे येतात. त्या फाट्याबद्दल अजून पुरतं बोलून झालेलं नाही.

गणपतीनंतर ताई आणि ती कार्यकर्ती दोघी खाडी ओलांडून गेल्या. या वेळी ती बोटीतून उतरली. आजीने "बस गो बाय" म्हणत कोकम सरबत दिलं. नात पाठ करून बसली होती, तासभर वळलीच नाही. कार्यकर्तीने माफी मागितली, कारणं सांगितली नाहीत. निघताना मुलीने न वळताच विचारलं, "आता कधी?"

तिने पिशवीतून डायरी काढली, पान उघडलं आणि तारीख दाखवायला तिच्यासमोर जाऊन बसली.