पिल्लाची एकच गोळी हाताला लागते?

प्रश्न : दोन महिन्यांच्या पॉमेरेनियन कुत्र्याच्या पिल्लाच्या वृषणाच्या पिशवीत एकच गोळी, म्हणजे एकच वृषण, हाताला लागतं. घाबरायचं का?

अजून नाही. वृषणं साधारण आठव्या आठवड्यापर्यंत पोटातून पिशवीत उतरलेली असतात. फार तर सहा महिन्यांपर्यंत वाट पाहावी. पिल्लू गारठलं किंवा घाबरलं की गोळी वर ओढली जाते, म्हणून ते जेवून सुस्तावलेलं असताना तपासा. जांघेतली चरबीही बोटांना फसवते. लसीला न्याल तेव्हा डॉक्टरांना बघायला सांगा.

प्रश्न : ओळखीचे म्हणतात, तेल लावून चोळा.

नको.

प्रश्न : ब्रीडर म्हणतो, इंजेक्शनाने उतरेल.

त्याचा भरवसा नाही. मुळात पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू गळ्यात मारलं की हा दोष कळायच्या आत व्यवहार संपतो. 2017 च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकताच येत नाही. घेतानाच पशुवैद्याकडून तपासून घ्या.

प्रश्न : आमच्या शेफर्डचं एकच वृषण उतरलंय. वंशावळीचे पेपर्स आहेत, मेटिंगला मागणी आहे. पिल्लं होतील ना?

होतील, आणि दुखणं तिथेच आहे. एक उतरलेलं वृषण पिल्लांना पुरतं, पण हा दोष आनुवंशिक आहे. तो आईकडूनही येतो. मादीत तो दिसत नाही, इतकंच. त्यामुळे ‘पुढच्या वेळी नर बदलू’ म्हणणाऱ्यांनी स्वतःची समजूत घालू नये. ज्या वेतात असं पिल्लू निघालं, ती जोडी पुन्हा लावू नका. त्या पिल्लांच्या भावंडांनाही मेटिंगपासून दूर ठेवलेलं बरं. डॉग शोसाठी वर अडकलेलं वृषण ओढून पिशवीत शिवून देणारेही भेटतात. ती शुद्ध फसवणूक आहे, रक्तातला दोष टाक्यांनी जात नाही. एफसीआय या कुत्र्यांच्या जातींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकांत दोन्ही वृषणं पिशवीत उतरलेली हवीत, ते उगाच नाही. मेटिंगची फी विसरा आणि नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : चार वर्षांच्या लॅबचं एक पोटातच आहे. त्रास काहीच नाही, मग ऑपरेशन कशाला?

त्रास सुरू होईपर्यंत थांबू नये म्हणून. पोटातल्या उष्णतेत राहिलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त. काही गाठी मादीचं संप्रेरक सोडतात : दोन्ही कुशींवरचे केस सारखेच झडतात, स्तनं फुगतात, पुढे रक्त बनणंही मंदावतं. वृषणाला पीळ पडला तर धावपळ वेगळीच. सोनोग्राफीत जागा बघून दोन्ही वृषणं काढतात. चार वर्षं गेलीच आहेत, याच आठवड्यात दाखवा.

प्रश्न : दोन्ही वरच आहेत. म्हणजे नसबंदी आपोआप झाली ना?

पिल्लं होणार नाहीत, पण नराचं संप्रेरक तयार होतच राहतं आणि गाठीचा धोका दोन्हीकडे. ऑपरेशन लागेलच, कधी, ते तुमच्या डॉक्टरांना तपासून ठरवू द्या.