व्होकल कॉर्डवर पॉलिप निघालाय. ऑपरेशन करावंच लागेल का? आवाज पहिल्यासारखा होतो का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही शिक्षिका आहात, चार महिने आवाज घोगरा आहे, दुर्बिणीच्या तपासणीत डाव्या स्वरतंतूवर पॉलिप दिसला आणि ईएनटी डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय. ते टाळता येईल का, लेझरने करावं का आणि आवाज पूर्ववत होईल का, हे तुम्हाला विचारायचंय. मी स्पीच थेरपिस्ट आहे. ऑपरेशन मी करत नाही, पण त्याच्या आधी आणि नंतर रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा त्या बाजूने सांगते.

आधी मनातली भीती. पॉलिप ही साधी गाठ असते, कॅन्सर नव्हे. तरीही काढलेला तुकडा बायोप्सीला पाठवतातच, त्याने घाबरून जाऊ नका. तो रिपोर्ट मात्र हातात घेतल्याशिवाय प्रकरण संपलं असं समजू नका.

टाळता येईल का, हे गाठ कोणती आहे त्यावर ठरतं. नोड्यूल दोन्ही तंतूंवर समोरासमोर येतात. सतत घासून हाताला घट्टे पडतात, तसाच तो प्रकार. ते बहुतेकदा व्हॉइस थेरपीनेच (आवाज नीट वापरायचे व्यायाम) बसतात, त्यांना लगेच चाकू लावायची घाई कुणी करू नये. सिस्ट म्हणजे तंतूच्या आत असलेली पिशवी, ती व्यायामाने जात नाही. पॉलिप या दोघांच्या मधला. तो सहसा एकाच बाजूला असतो आणि बऱ्याचदा ओरडताना किंवा जोरात खोकताना तंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटून तयार होतो. लहान आणि ताजा असेल तर विश्रांती आणि थेरपीने विरघळलेला मी पाहिला आहे. मोठा, देठावर लोंबणारा किंवा जुना झालेला पॉलिप सहसा काढावाच लागतो. म्हणून डॉक्टरांना विचारा की स्ट्रोबोस्कोपी झाली आहे का. त्या तपासणीत लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे तंतूंची थरथर संथ झालेली दिसते, आणि गाठीच्या आजूबाजूचा भाग मोकळा हलतोय की ताठरलाय हे कळतं. माझ्या मते हे बघितल्याशिवाय ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये.

याचं कारण तंतूच्या रचनेत आहे. स्त्रिया बोलतात तेव्हा हे तंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात. वरची पातळ त्वचा, तिच्याखाली मऊ, ओलसर असा एक थर, आणि त्याखाली घट्ट धागे व स्नायू. आवाजातला गोडवा त्या मधल्या मऊ थरामुळे येतो. पॉलिप असतो तोही वरच्याच भागात. म्हणजे सर्जनला गाठ काढायची असते, पण तो थर जितका वाचेल तितका वाचवायचा असतो, आणि खालच्या धाग्यांना तर हातच लावायचा नसतो. एकदा तिथे व्रण धरला की तो पुसण्याचा खात्रीचा उपाय आजही नाही. ब्रिटिश गायिका अडेल हिच्या पॉलिपवर 2011 मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्याच वर्षी ती पुन्हा रंगमंचावर गायली. ब्रिटिश अभिनेत्री-गायिका ज्युली अँड्र्यूज यांचा गाण्याचा आवाज मात्र 1997 च्या घशाच्या शस्त्रक्रियेनंतर परत आला नाही. ही दोन टोकं सांगतेय ती घाबरवायला नाही. आवाजाची ऑपरेशनं नेहमी करणारा सर्जन निवडा, एवढं त्यातून घ्यावं.

ऑपरेशनला मायक्रोलॅरिंगोस्कोपी म्हणतात. पूर्ण भूल देतात, तोंडातून एक पोकळ नळी आत बसवतात आणि मायक्रोस्कोपमधून बघत बारीक हत्यारांनी गाठ काढतात. गळ्यावर बाहेरून काप नाही, टाके नाहीत. बरेच जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. हलणारा दात किंवा कॅप असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, कारण ती नळी वरच्या दातांवर टेकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. नंतर घसा दुखतो, काहींची जीभ बधिर वाटते किंवा चव बदलते. हे बहुतेकांचं काही दिवसांत, क्वचित काही आठवड्यांत जातं.

लेझर की हत्यारं, यावर लोक फार डोकं खपवतात. जाणत्या हातात दोन्हीचे निकाल चांगले येतात. लेझरची उष्णता शेजारच्या भागाला लागू नये ही काळजी घ्यावी लागते, इतकंच. तुमचे सर्जन ज्या पद्धतीत सरावलेले आहेत ती पद्धत तुमच्यासाठी बरी.

आता ज्या भागावर रुग्ण सगळ्यात कमी विचारतात आणि मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं तो भाग, म्हणजे नंतरचे दिवस. सुरुवातीला पूर्ण मौन असतं. किती दिवस, यावर डॉक्टरांमध्ये एकमत नाही, साधारण तीन ते सात दिवस सांगतात. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात तीन दिवस मौन पाळून मग थेरपी सुरू केलेल्यांचा आवाज सात दिवस गप्प राहिलेल्यांपेक्षा चांगला सुधारला होता. हलकी, मोजकी हालचाल जखम नीट भरायला मदत करते असं त्यामागचं म्हणणं. तरी तुमच्या जखमेचा आकार तुमच्या सर्जननेच पाहिलेला असतो, ते सांगतील तेवढेच दिवस पाळा. मौन म्हणजे कुजबुजही नाही. हळू बोललं तर चालतं असं घरच्यांना वाटतं, पण कुजबुजताना बरेच जण गळा आवळून ताण देतात. खाकरणंही नको. घशात काही अडकल्यासारखं होईल तेव्हा पाण्याचा घोट घ्या आणि गिळा. जड सामान उचलणं पहिला आठवडाभर टाळा, कारण जोर लावताना तंतू घट्ट मिटतात. पाणी थेट तंतूंवर पडत नाही, ते शरीरातून पोचतं, म्हणून दिवसभर थोडं थोडं प्यायचं. धूम्रपान असेल तर ते सोडायची हीच वेळ.

मौन संपल्यावरचा पहिला आवाज बहुतेकांना हादरवतो. माझ्यासमोर बसलेल्या एका बाईंनी अर्ध्या ग्लास पाण्यात स्ट्रॉ बुडवली होती, टोक पाण्यात जेमतेम दोन बोटं. मी सांगितलं, नुसते बुडबुडे काढा, मग त्यातच हलका ‘ऊ’ मिसळा. बुडबुडे सारखे येत होते, पण ‘ऊ’ निघाला तो हवेने भरलेला, जाड आणि मध्येच तुटणारा. त्यांनी स्ट्रॉ सोडून दिली आणि डोळे भरून आले. गाठ गेली तरी आवाज असाच राहणार असं त्यांना वाटलं. तंतूला सूज असते तोवर तो असाच असतो. मी त्यांना पुन्हा स्ट्रॉ धरायला लावली. या व्यायामात ओठांपाशी थोडा विरोध तयार होतो, त्यामुळे तंतू एकमेकांवर जोरात न आपटता थरथरतात, म्हणून सुरुवातीला मला हाच सगळ्यात सुरक्षित वाटतो. पुढे ‘म्म्म’ करून ओठ-नाकाशी गुणगुण जाणवते का ते बघायचं, मग शब्द, मग छोटी वाक्यं.

वरची त्वचा आठवडाभरात बऱ्यापैकी भरून येते, आतला थर सावरायला मात्र महिने लागतात. घरातलं बोलणं दोन-तीन आठवड्यांत जमतं. वर्ग घ्यायला साधारण चार ते सहा आठवडे धरा आणि तेही एकदम सगळे तास नकोत. गाणाऱ्यांना याहून जास्त थांबावं लागतं. शाळेशी आधीच बोलून ठेवा. माइक मागा, त्यात काही कमीपणा नाही. पाठीमागच्या बाकापर्यंत ओरडून पोचायची सवय तशीच राहिली तर दुसरा पॉलिप यायला वेळ लागत नाही, म्हणून जमलं तर ऑपरेशनच्या आधीच थेरपीचे एक-दोन सेशन करून घ्या. जखम दुखत नसताना हे तंत्र शिकणं फार सोपं जातं.

पूर्वीसारखा होईल का? एकट्या पॉलिपसाठी, नीट झालेल्या ऑपरेशननंतर आणि थेरपी केलेल्या रुग्णांत आवाज बहुतेकदा स्पष्ट सुधारतो, अनेकांना तर आजारापूर्वीचा आवाज मिळतो. शंभर टक्के हमी कोणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून जपून राहा. श्वास घ्यायला त्रास झाला किंवा थुंकीतून ताजं रक्त यायला लागलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. सहा आठवडे उलटूनही आवाज जागचा हलला नाही तर स्ट्रोबोस्कोपी पुन्हा करून घ्या.